सबनिसांची पेन्सिल

१

मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहिणं हे काही अवघड काम नाही. पनवेलमध्ये वर्षाकाठी चार तरी शोकसभा होतात आणि त्यांतल्या तिनांत दिघेबाईंना बोलायला उभं करतात. बाई तीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत, आणि मुख्य म्हणजे वेळेत थांबतात. त्यामुळे दिवाळी अंकाच्या परेशने फोन करून सांगितलं, "ताई, सबनिसांवर हजार शब्द द्या, पुढच्या शुक्रवारपर्यंत," तेव्हा त्यांनी नाही म्हणायचं काही कारणच नव्हतं. लिहायला वेळ काय तो चहा निवायला लागतो तेवढाच लागणार.

बुधवारी लेख लिहून झाला. गुरुवारी अकराला त्या नव्या पनवेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आपल्या घरात, जेवायच्या टेबलाशी, चष्मा पुसून बसल्या. लिहिलेलं मोठ्याने वाचल्याशिवाय बाहेर धाडायचं नाही, ही बावीस वर्षांची सवय. घरात दुसरं कुणी नव्हतं. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी वल्लरी पुण्याला. कुकरची तिसरी शिट्टी होऊन गेली होती.

"विज्ञानकथाकार विश्वजीत सबनीस वरून कठोर दिसत," बाईंनी वाचलं, "पण आतून ते लोण्याहून मऊ होते."

टक्.

लाकडावर पेन्सिल आपटावी तसा आवाज. एकच. बाईंनी वर पंख्याकडे पाहिलं. पंखा आपला फिरत होता. त्यांनी पुढे वाचायला घेतलं. दोन परिच्छेद बिनबोभाट गेले. मग वाक्य आलं, "आम्ही सारे स्नेही शेवटपर्यंत त्यांच्या सोबत होतो."

टक्.

आवाज पाठीमागून, गॅलरीच्या दाराशी असलेल्या खुर्चीकडून आला होता. बाई मागे वळल्या नाहीत. का वळल्या नाहीत, हे त्यांना स्वतःलाही सांगता आलं नसतं. कागद घडी करून त्यांनी बरणीखाली ठेवला आणि भात वाढून घेतला.

२

सबनीस म्हणजे काय चीज होती, हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून पटायचं नाही. एका सत्कारात त्यांनी खांद्यावर घातलेली शाल काढून वक्त्याच्याच खांद्यावर घातली होती, "तुम्हीच ठेवा, माझं एकही पुस्तक न वाचता वीस मिनिटं बोललात, हे जास्त अवघड आहे," असं म्हणून. नवा कुणी पोरगा भीत भीत कथा घेऊन आला की ते पहिल्या पानाला त्याला विचारत, "नोकरी आहे ना?" माणसं दुखावून परत जात. काही रडत. त्यांच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांची यादी केली असती तर उरण नाक्यापासून टपाल नाक्यापर्यंत रांग लागली असती.

पण काय लिहायचे! 'ओहोटीचं अकरावं वर्ष' या त्यांच्या कथेत उरणचा समुद्र एका सकाळी मागे सरतो तो अकरा वर्षं परत येतच नाही. कोळी रोज होड्यांना तेलपाणी करून चिखलाच्या कडेला बसतात. अकरा वर्षांत कुणी एकदाही असं म्हणत नाही की समुद्र आता यायचा नाही. एवढीच गोष्ट. दिघेबाईंनी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा शाळेत नववीचे पेपर तपासायचे होते, ते त्या दिवशी तसेच राहिले. हा माणूस आपल्याच गावात राहतो आणि भाजी आणायला येतो, याचं त्यांना मग कितीतरी दिवस नवल वाटत होतं.

आपली पहिली कथा घेऊन त्या गेल्या तेव्हा सबनीस म्हणाले, "मी कागद वाचत नाही. कागद लाजत नाही. तुम्ही वाचा, मी ऐकतो." आणि पुढच्या गुरुवारी अकराला ते स्वतःच हजर झाले. गॅलरीच्या दाराशी लाकडी हातांची खुर्ची होती, तिच्यात बसले, डोळे मिटले, कानावरची पेन्सिल काढून हातात धरली. बाई वाचत गेल्या. जिथे वाक्य खोटं पडलं तिथे टक्. काय चुकलं ते सांगायचे नाहीत. ते आपलं आपण शोधायचं. त्या दिवशी सात पानांत एकोणचाळीस टक् झाले. शेवटी ते म्हणाले, "यंत्रमानवाला भावना भरपूर दिल्यात बाई. त्याची बॅटरी कुठाय?"

अशी बावीस वर्षं. खुर्चीच्या उजव्या हातावर टकटकून टकटकून हरभऱ्याएवढा खळगा पडला. बाईंना त्यांचा राग यायचा, फार यायचा. आणि बुधवारी संध्याकाळपासून त्या गुरुवारची वाट बघायच्या, हेही तितकंच खरं.

मग या फेब्रुवारीत बाईंच्या पुस्तकाचा कार्यक्रम झाला. तीस-चाळीस माणसं आलेली. सबनिसांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते म्हणाले, "दिघेबाईंनी वर्गात जे शिकवलं तेच पुस्तकात लिहिलंय. मुलांची निदान घंटा झाल्यावर सुटका व्हायची." लोक हसले. बाईही हसल्या. घरी येऊन त्यांनी पुढच्या गुरुवारी दाराला आतून कडी घातली. तो गुरुवार गेला, त्याच्या पुढचे पंधरा गेले. जूनमध्ये एका शनिवारी सबनीस गेले.

३

शास्त्र शिकवलेलं माणूस भुताला घाबरत नाही, कारण आधी ते पाइप तपासतं. बाईंनी पाइप तपासले. वरच्या कुंदनकडे जाऊन काही ठोकाठोकी चाललीय का म्हणून विचारून आल्या. त्याची बायको रोशनी म्हणाली, "नाही हो आंटी, आम्ही तर अकराला ऑफिसमध्येच असतो." घड्याळ काढून कपाटात ठेवलं. पंखा बंद करून वाचलं. लाकडात भुंगा असेल म्हणून खुर्ची आडवी करून खालून बघितली.

सरळ करताना ते दिसलं. सबनीस गेल्यावर जुलैत बाईंनी सुताराला बोलावून खुर्चीची डागडुजी करून घेतली होती. उजव्या हातावरच्या खळग्यात त्याने लांबी भरली, घासली, वर पॉलिश मारलं, नव्यासारखं. आता त्या गुळगुळीत पॉलिशवर बरोबर त्याच जागी शिशाचा बारीक काळा ठिपका होता. बाईंनी बोट फिरवलं. बोटाला काळं लागलं.

"उन्हाळ्यात लाकूड तडकतं," त्या मोठ्याने म्हणाल्या. सप्टेंबर चालू होता.

शुक्रवारी दुपारी परेशचा फोन आला. लेख कुठवर आलाय, असं तो विचारत होता. बाईंनी फोन स्पीकरवर ठेवून त्याला सुरुवात वाचून दाखवली. "त्यांनी नवोदितांना सतत प्रोत्साहन दिलं."

टक्.

"छान आहे ताई," परेश म्हणाला. "तुमच्याकडे सुतारकाम चाललंय का?"

एकटीला ऐकू येत होतं तोवर ते वयाचं होतं, एकटेपणाचं होतं, गोळ्यांचं होतं. आता त्यातलं काहीच राहिलं नाही.

"हो," त्या म्हणाल्या. "थोडं राहिलंय."

४

घाबरलेल्या माणसाने काहीतरी करत राहावं. शनिवारी सकाळी बाईंनी वही घेतली आणि पानावर उभ्या रेघा मारून तीन रकाने पाडले: वाक्य, खरं की खोटं, आवाज. मग एकेक वाक्य लिहायचं, वाचायचं, दहा सेकंद थांबायचं.

पाणी नव्वद अंशांना उकळतं. खोटं. आवाज नाही.

मी काल दिल्लीला जाऊन आले. खोटं. आवाज नाही.

चंद्रावर कोळ्यांची वस्ती आहे. खोटं. आवाज नाही.

बाईंना जरा धीर आला. खोट्यालाच आवाज होत नसेल तर सगळा योगायोगच म्हणायचा. त्यांनी पुढचं वाक्य लिहिलं, मला सबनिसांच्या त्या भाषणाचं काही वाटलं नाही, आणि ते वाचलं.

टक्.

सबनिसांचं मोठेपण मी मोकळ्या मनाने मान्य करते. टक्. माझ्या पुस्तकाबद्दल ते बोलले ते चूक होतं. या वाक्याला बाई मुद्दाम मोठा आवाज काढून थांबल्या. टक्.

वही मिटवून त्या हात मांडीवर ठेवून बसल्या. त्यांना बारा-तेरा वर्षांपूर्वीचा एक गुरुवार आठवला. असंच चिडून त्यांनी विचारलं होतं, सगळी गोष्टच खोटी असते तर तुम्ही टकटक कशाला करता. सबनीस डोळे न उघडता म्हणाले होते, "खोटं चालेल बाई, लबाडी नको. समुद्र अकरा वर्षं येत नाही, हे खोटं. त्या काठावर बसून कोळीण गोड हसते, ही लबाडी."

बाईंनी ताडकन उठून ती खुर्ची उचलली, गॅलरीत नेली, दार लावलं, वरची खिट्टी घातली. टेबलाशी येऊन, पाठमोऱ्या बसून, त्या म्हणाल्या, "मी घाबरलेली नाही."

टक्.

खुर्ची गॅलरीत होती. आवाज आतून आला, खुर्चीच्या रिकाम्या जागेवरून.

५

गंगाबाई उरणची. दर बुधवारी पाटी घेऊन या सोसायटीत येणारी कोळीण, वय दिघेबाईंएवढंच, आवाज त्यांच्याहून मोठा. सबनीस शेजारच्याच इमारतीत राहायचे, तेही तिचं गिऱ्हाईक. तिने दारातच फतकल मारली, बोंबील काढले आणि बाईंच्या तोंडाकडे बघितलं.

"बाय, तुमी आजारी हाव काय? तोंड कशापाय उतरलंय?"

"लेख लिहायचाय सबनिसांवर. जमत नाहीय."

"त्यात काय नाय जमायचं," गंगाबाई म्हणाली. "तोंड लय वंगाळ व्हतं त्याचं. मना बोलायचा, गंगे, तुजं बोंबील तुज्यापरीस म्हातारं हाय. आमी पन काय कमी नाय. मी शिव्या दिल्या तरी हसत बसायचा. पन ती आमच्या दर्याची गोष्ट त्यानं मनाच पयली वाचून दाखवली, हितंच जिन्यात. मी सांगलं, आमची बाय अशी रडत नाय बसायची, ती सुकं इकायला बाजारात जाईल. त्यानं समोर कागूद फाडला. दुसऱ्या बुधवारी नवीन लिवून आनला."

हे बाईंना माहीत नव्हतं. म्हणजे सबनिसांनाही टक् करणारं कुणी होतं, आणि ते पाटीशी जिन्यात बसलेलं होतं. त्यांना हसू आलं, आणि सबनिसांना यावरून आता चिडवता येणार नाही, हे लगेच आठवलं.

"माणूस वंगाळ नव्हता," गंगाबाई बोंबील निवडत म्हणाली. "तो मेला त्याच्या आदल्या दिशी बुधवार नवता तरी मी मुद्दाम गेलती त्याच्याकडं. खाटंवर बसलावता, हातात फोन. बोलला, बाई फोन उचलत नाय. मी बोलले, कामात असतील. तर बोलला, नाय, रुसली हाय. बरोबर हाय तिचं."

"असं म्हणाले?"

"बरोबर हाय तिचं, दोनदा बोलला."

गंगाबाई वीस मिनिटं बोलत होती. तेवढ्या वेळात घरात एकदाही आवाज झाला नाही. बाईंच्या ते लक्षात आलं, पण ती गेल्यावर, दार लावताना. बोंबील त्यांनी तसेच फ्रिजमध्ये टाकले. जेवावंसं वाटेना.

६

गुरुवारी अकराला दिघेबाई टेबलाशी बसल्या. जुना लेख फाडून टाकला होता. नवा रात्रीतून नव्हे, पहाटेपासून बसून लिहिला होता, आणि त्यातला एकच परिच्छेद उरला होता, जो कागदावर नव्हता. तो तोंडानेच बोलून बघायचा होता. समोर भिंतीवर टीव्ही बंद होता. विमान गेलं, खिडकीची तावदानं थरथरली, मग शांत झालं.

लेख त्यांनी वाचला. शाल वाचली, बॅटरी वाचली, एकोणचाळीस टक् वाचले. पुस्तकाचा कार्यक्रम वाचला, आणि सबनिसांनी पुस्तकाबद्दल जे म्हटलं ते बरोबर होतं, हेही वाचलं. कुठेही आवाज नाही. बाईंची पाठ ताठ झाली होती. मागे कुणीतरी डोळे मिटून ऐकतंय, हे आता मानायचं की नाही हा प्रश्नच उरला नव्हता.

"जूनमधल्या एका गुरुवारी," त्या म्हणाल्या, "अकरा वाजता त्यांचा फोन आला. मी कामात होते, म्हणून उचलला नाही."

टक्.

"मला त्यांचा राग होता, म्हणून उचलला नाही."

टक्.

"मला त्यांची भीती वाटायची."

टक्. थोडा जोरात. चुकीचं उत्तर दोनदा दिलं की ते असंच करायचे.

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मान खाली गेली आणि वर आली, तेव्हा समोरच्या टीव्हीच्या काळ्या काचेत खोली दिसली. टेबल, त्या स्वतः, मागे गॅलरीचं बंद दार. आणि दाराशी, जिथे खुर्ची नव्हती तिथे, बसल्या माणसाचा एक गुडघा. राखाडी पँट. गुडघ्याच्या वर, खुर्चीचा हात असायचा त्या उंचीवर, एक मनगट आणि दोन बोटांत धरून उचललेली पेन्सिल. त्याच्या वरचं काही काचेत मावत नव्हतं. चष्मा नव्हता, हे बाईंना ठाऊक होतं. चष्म्याशिवाय त्यांना इतकं स्वच्छ दिसायचं काही कारण नव्हतं.

त्या वळल्या नाहीत. काचेकडे बघतच बोलायला लागल्या, आणि आवाज वर्गातला नव्हता.

"फोन वाजला तेव्हा मी तो टेबलावर उलटा ठेवला आणि घड्याळ बघत बसले. किती वेळ वाजतो, ते मला बघायचं होतं. तीनदा आला. तो वाजत होता तेवढा वेळ मला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं. बावीस वर्षं मी वाट बघत होते की या माणसाला कधीतरी माझी गरज पडावी. ती पडली. मी फोन उचलला असता तर ते वाजणं थांबलं असतं. मला ते थांबायला नको होतं."

पेन्सिल उचललेलीच होती. बाईंनी दहा सेकंद मोजले, प्रयोगात मोजत होत्या तसे. मग आणखी दहा. आवाज झाला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्यांनी ते पुसलं नाही, कारण हात हलवला तर काचेतलं हलेल असं त्यांना वाटलं.

खाली सोसायटीच्या फाटकाशी कुणीतरी रिक्षावाल्याशी वाद घालत होतं. बावीस वर्षांत पहिल्यांदाच एक अख्खं पान बिनआवाजाचं गेलं होतं आणि ते असं. छाती एकदम हलकी झाली, आणि हलकी झाली तशी त्यांना भीती वाटली, आधीच्यापेक्षा वेगळी. आता या माणसाला इथे बसायला काही कारण उरलं नव्हतं.

"झालं," बाई म्हणाल्या. शोकसभेत शेवटी काढतात तो संथ, शहाणा आवाज त्यांनी काढला. "सगळं सांगून झालं. मी आता ठीक आहे. तुम्ही जा आता, सबनीस."

काचेतली पेन्सिल दिसेनाशी झाली. गुडघाही. मागे दारापाशी काही वाजलं नाही.

टक्, असा आवाज टेबलावर झाला, त्यांच्या उजव्या हाताला लागून.